विश्लेषण : मोटारींत बटणे परत का येत आहेत? फोनचे कंपन त्यांची जागा का घेऊ शकत नाही?

इंडिकेटर, हॅझर्ड दिवे, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन मदतीचे ‘एसओएस’ बटण. या पाच गोष्टी हाताला लागतील अशा बटणांवर वा दांड्यांवर न ठेवता स्क्रीनच्या मेनूत ढकलणाऱ्या मोटारीला जानेवारी २०२६ पासून युरोपात सुरक्षेचे पाचही तारे मिळवणे अवघड झाले आहे. गेली दहा-पंधरा वर्षे मोटारींच्या डॅशबोर्डवरून एकेक बटण गायब होत होते. आता तोच उद्योग उलट्या पावली चालू लागला आहे. दुसरीकडे, तुम्ही ही बातमी ज्या फोनवर वाचत आहात त्यावर जेमतेम तीन बटणे उरली असतील आणि त्याबद्दल आपली फारशी तक्रार नाही. एकाच काचेबद्दल खिशात प्रेम आणि मोटारीत वैताग, असे का? उत्तर बोटाच्या टोकाशी आहे.

‘युरो एनकॅप’ने नेमके काय केले?

‘युरो एनकॅप’ ही मोटारींची आदळ-चाचणी घेऊन तारे देणारी संस्था. तिचे नियम म्हणजे कायदा नव्हे. बटणे नसलेली मोटार विकायला युरोपात बंदी नाही. पण पाच ताऱ्यांचे मानांकन जाहिरातीत मिरवता येत नसेल तर विक्रीवर परिणाम होतो, त्यामुळे कंपन्या या संस्थेचे ऐकतात. चालकाची नजर रस्त्यावरून हटू नये, यासाठी मूलभूत गोष्टींना स्वतंत्र, हाताने जाणवणारी नियंत्रणे हवीत, असे संस्थेने २०२४ मध्येच सांगून ठेवले होते. वरची पाच कामे त्या यादीत आहेत. एसी आणि गाण्यांचा आवाज मात्र यादीत नाही, हे लक्षात ठेवा. त्याचा मुद्दा पुढे येतो.

नजर हटते म्हणजे किती हटते?

याचे सगळ्यात बोलके उत्तर २०२२ मध्ये ‘वी बिलाएगारे’ या स्वीडिश मोटार-मासिकाने दिले. त्यांनी ११ नव्या मोटारी आणि २००५ सालची एक जुनी व्होल्वो व्ही७० एका धावपट्टीवर नेल्या. वेग ताशी ११० किमी. चालकाला साधी कामे दिली : सीट गरम करण्याची सोय सुरू करा, तापमान दोन अंशांनी वाढवा, काचेवरचे धुके घालवणारा पंखा लावा, रेडिओवर ठरावीक केंद्र लावा, ट्रिपमीटर शून्यावर आणा, डॅशबोर्डचा उजेड कमी करा. चाचणीआधी प्रत्येक मोटारीची ओळख करून घ्यायला वेळही दिला होता, त्यामुळे ‘नवी गाडी, सवय नाही’ ही सबब उरली नाही.

बटणांनी भरलेल्या १७ वर्षे जुन्या व्होल्वोत ही सगळी कामे १० सेकंदांत उरकली. तेवढ्यात मोटार ३०६ मीटर पुढे गेली. सर्वात मागे राहिलेल्या एमजी मार्व्हल आर या विद्युत मोटारीत त्याच कामांना ४४.९ सेकंद लागले आणि मोटार १,३७२ मीटर धावली. म्हणजे जवळजवळ दीड किलोमीटर चालकाचे अर्धे लक्ष पडद्यावर. सगळे टचस्क्रीन इतके वाईट नव्हते, हेही सांगायला हवे. डासिया सॅन्डेरो आणि व्होल्वोचीच नवी सी४० यांनी १४ सेकंदांच्या आत काम संपवले. त्यांच्या पडद्यावर मुळातच कमी गोष्टी होत्या आणि मेनूही उथळ होता. चांगला टचस्क्रीन बनवता येतो, पण तो जुन्या बटणांच्या जवळ पोहोचतो, पुढे जात नाही, असा या चाचणीचा अर्थ.

याआधी मार्च २०२० मध्ये ब्रिटनमधील ‘आयएएम रोडस्मार्ट’ या संस्थेने सिम्युलेटरवरच्या प्रयोगाचे निष्कर्ष मांडले होते. अॅपल कारप्ले बोटाने हाताळताना चालकाचा प्रतिसाद ५७ टक्क्यांनी मंदावला, अँड्रॉइड ऑटो हाताळताना ५३ टक्क्यांनी. तुलनेसाठी त्यांनी दिलेला आकडा असा : दारूच्या कायदेशीर मर्यादेवर असलेल्या चालकाचा प्रतिसाद १२ टक्क्यांनी मंदावतो.

अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाची २०१३ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की, मोटारीतल्या उपकरणाकडे एका वेळी दोन सेकंदांपेक्षा जास्त पाहावे लागू नये. हा हिशेब आपल्या रस्त्यावर करून पाहा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ताशी १०० किमीने जाताना दोन सेकंदांत मोटार ५५ मीटर पुढे सरकते. एसीचा पंखा कमी करायला पडद्यावर अशी तीन वेळा नजर टाकावी लागली तर दीडशे मीटरहून जास्त अंतर आंधळेपणाने कापलेले असते.

बटण दाबताना बोटाला काय कळते?

तळहाताच्या आणि बोटांच्या आतल्या त्वचेत स्पर्श टिपणारे सुमारे १७ हजार संवेदी घटक असतात, आणि सर्वात दाट वस्ती बोटांच्या टोकांना असते. ते चार प्रकारचे. मर्केल नावाचे घटक कडा आणि उंचवटे ओळखतात. माइस्नर घटक बोटाखाली काही सरकले, निसटले की जागे होतात. रुफिनी घटक त्वचा ताणली गेल्याचे सांगतात. आणि खोलवर बसलेले पॅसिनियन घटक कंपने टिपतात, सेकंदाला साधारण २०० ते ३०० कंपने असतील तेव्हा सर्वात चांगली. म्हणजे चार पत्रकार चार वेगळ्या बातम्या मेंदूला पाठवत असतात.

आता पंख्याचा जुना रेग्युलेटर आठवा. अंधारात, झोपेत, भिंतीवरून हात फिरवला की तो सापडतो. हा झाला पहिला टप्पा : शोधणे. हाताने चाचपले तरी पंखा सुरू वा बंद होत नाही. मग नॉब फिरवला की प्रत्येक पायरीला ‘खट्’ होते. एक, दोन, तीन. हा दुसरा टप्पा : क्रिया होत असताना मिळणारा विरोध. शेवटी हात काढला तरी नॉबची खूण तिसऱ्या आकड्यावर असते. पुन्हा हात लावला तर न पाहता कळते की पंखा तीनवर आहे. हा तिसरा टप्पा : झालेल्या कामाची खात्री.

फोनच्या आवाजाच्या बटणातही हेच आहे, फक्त लहान प्रमाणात. त्याच्या आत धातूची इवलीशी बशी पालथी घातलेली असते. बोटाने दाब वाढवत नेला की ती काही काळ विरोध करते, आणि एका ठरावीक क्षणी एकदम आत बसते. त्या क्षणी बोटाला विरोध अचानक कमी झाल्याचे जाणवते. तीच ती ‘टिक’. पूर्वी जत्रेत पत्र्याचे एक खेळणे मिळायचे, दाबले की टिक आणि सोडले की पुन्हा टिक. तत्त्व तेच. महत्त्वाचे हे की, बशी बसण्याआधी बोटाला कळत असते की आता बसणार. अजूनही बोट मागे घेता येते.

(एक गंमत. इंजिनीअरिंगच्या लॅबमध्ये मायक्रोकंट्रोलरला बटण जोडणाऱ्या प्रत्येकाला कळते की हे प्रकरण आतून फार गबाळे आहे. एकदा दाबले तरी धातूचे टोक काही मिलिसेकंद थरथरते आणि चिपला वाटते की पाच-सहा वेळा दाबले. ते गाळून काढायला वेगळा कोड लिहावा लागतो. बोटाला स्पष्ट वाटणारे बटण चिपला गोंधळलेले वाटते. काचेचे बरोबर उलटे : चिपला स्पर्श नेमका कळतो, बोटाला काहीच कळत नाही.)

आकारातून बोलणारे नियंत्रण ही कल्पना नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ बॉम्बफेकी विमाने उतरल्यावर धावपट्टीवरच पोटावर बसत. वैमानिक पंखांचे फ्लॅप वर घेण्याऐवजी चाके आत घेत होते. अल्फॉन्स शॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञाने पाहिले की दोन्ही स्विच शेजारी-शेजारी आणि एकसारखे आहेत. त्याने चाकांच्या नियंत्रणावर छोटे रबरी चाक बसवले आणि फ्लॅपच्या नियंत्रणावर पाचरीसारखा तुकडा. हात लावताच फरक कळू लागला. आजही प्रवासी विमानांच्या अमेरिकी नियमांत चाकांच्या दांड्याचे टोक चाकाच्या आकाराचे आणि फ्लॅपच्या दांड्याचे टोक पंखाच्या आकाराचे असावे लागते. विमानांच्या कॉकपिटमध्ये टचस्क्रीन आले आहेत, पण हा दांडा जागचा हललेला नाही.

मग फोनचे कंपन काय करते?

टाइप करताना फोन बोटाला जो हलका धक्का देतो त्याला तंत्रज्ञ ‘हॅप्टिक फीडबॅक’ म्हणतात. तो दोन प्रकारच्या मोटरींतून येतो. स्वस्त फोनमध्ये फिरणारी मोटर असते, तिच्या दांड्यावर एका बाजूला वजन. वजन एकांगी असल्याने फिरताना सगळा फोन हलतो. पण मोटरला वेग घ्यायला आणि थांबायला काही दशक मिलिसेकंद लागतात. त्यामुळे ‘टक’ऐवजी ‘घर्रर्र’ जाणवते. अक्षर टाइप करून बोट पुढे गेले तरी मागच्या अक्षराची थरथर संपलेली नसते. अनेक जण कीबोर्डचे कंपन वैतागून बंद करून टाकतात त्याचे कारण बहुधा हे.

महाग फोनमध्ये सरळ रेषेत मागे-पुढे होणारी मोटर असते. स्प्रिंगवर टांगलेले वजन, आणि शेजारी चुंबकीय कॉइल. ही लवकर सुरू होते, विरुद्ध झटका देऊन लवकर थांबवताही येते. तिची कंपने साधारण सेकंदाला दीडशे ते अडीचशेच्या घरात ठेवतात, म्हणजे पॅसिनियन घटकांच्या आवडत्या पट्ट्याच्या आसपास. म्हणून थोड्या विजेत धक्का ठसठशीत वाटतो.

ही फसवणूक किती अस्सल होऊ शकते हे अॅपलने दाखवले. २०१६ च्या आयफोन ७ मधले होम बटण हलतच नव्हते. ते काचेचे घट्ट वर्तुळ होते. दाब ओळखून आतली मोटर धक्का देई आणि वापरणाऱ्याला बटण दबल्याचा भास होई. २०१५ पासूनच्या मॅकबुकचा ट्रॅकपॅडही असाच. खात्री करायची असेल तर मॅकबुक पूर्ण बंद करा आणि ट्रॅकपॅड दाबा. क्लिक होणार नाही. तिथे बटण कधी नव्हतेच.

कंपनाचा उपयोग होतो का? होतो. ग्लासगो विद्यापीठातील स्टीफन ब्रूस्टर आणि सहकाऱ्यांनी २००७ आणि २००८ मध्ये, म्हणजे टचफोन नवे असताना, प्रयोग केले. काही प्रयोग चालत्या भुयारी रेल्वेत. नुसत्या काचेवर टाइप करणाऱ्यांपेक्षा कंपनाची साथ मिळालेल्यांच्या चुका कमी झाल्या आणि त्यांची कामगिरी खऱ्या बटणांच्या बरीच जवळ आली.

पण वरचे तीन टप्पे पुन्हा पाहा. कंपन फक्त तिसरा टप्पा देते, झाल्याची खात्री. पहिला टप्पा, म्हणजे न पाहता शोधणे, काचेवर शक्यच नाही. चाचपायला बोट टेकवले की तोच स्पर्श आज्ञा ठरतो. दुसरा टप्पाही नाही, कारण दाबाला विरोध नाही. थोडक्यात, बटण आधी सांगते आणि कंपन नंतर. चुकीच्या जागी बोट पडले असेल तर फोन तितक्याच उत्साहाने ‘झाले’ म्हणून कळवतो.

मग फोनवर आपले काम इतके छान का चालते? कारण फोन वापरताना नजर आधीच पडद्यावर असते. शोधण्याचे काम डोळे करतात. शिवाय मागे सॉफ्टवेअर उभे असते. फिनलंडमधील आल्टो, केंब्रिज आणि झ्युरिकच्या ईटीएच या विद्यापीठांनी २०१९ मध्ये ३७ हजारांहून अधिक स्वयंसेवकांची फोनवरची टायपिंग तपासली. सरासरी वेग मिनिटाला ३६ शब्द निघाला. याच प्रकारच्या आधीच्या अभ्यासात संगणकाच्या कीबोर्डवर सरासरी ५२ होती. अंतर आहे, पण वाटते तेवढे नाही. त्यात चुका आपोआप दुरुस्त करणाऱ्या सोयीचा मोठा वाटा होता. बोट ‘क’ आणि ‘ग’च्या मधोमध पडले तरी फोन अंदाज बांधतो. मोटारीत चूक दुरुस्त करणारे कोणी नसते. तिथे नजरही उसनी मिळत नाही.

बटण नसल्याने खरेच कोणाचा जीव गेला आहे का?

सिंगापूरजवळ २१ ऑगस्ट २०१७ च्या पहाटे अमेरिकेची ‘जॉन एस. मॅकेन’ ही विनाशिका ‘अॅल्निक एमसी’ या तेलवाहू जहाजाच्या वाटेत आली. टक्करीत विनाशिकेवरचे १० नौसैनिक मरण पावले, ४८ जखमी झाले. सागरी अपघातांत असंख्य कारणे असतात, पण या अपघाताच्या शेवटच्या काही मिनिटांत टचस्क्रीन केंद्रस्थानी होता.

सुकाणू सांभाळणाऱ्या नौसैनिकाला एकाच वेळी दिशा आणि वेग सांभाळणे जड जात होते. म्हणून वेगाचे नियंत्रण शेजारच्या केंद्राकडे देण्याचा आदेश झाला. पडद्यावर ही अदलाबदल करताना वेगाबरोबर सुकाणूही तिकडे गेले, आणि कोणाच्या लक्षात आले नाही. मूळ नौसैनिकाला वाटले की सुकाणू निकामी झाले. जहाज डावीकडे वळू लागले. वेग कमी करण्याचा आदेश निघाला. जहाजाला दोन पंखे. पडद्यावर त्यांचे थ्रॉटल एकत्र जोडलेले असतील असे गृहीत होते, प्रत्यक्षात ते सुटे होते. त्यामुळे फक्त डाव्या पंख्याचा वेग कमी झाला, उजवा तसाच फिरत राहिला, आणि जहाज आणखी डावीकडे, थेट तेलवाहू जहाजासमोर गेले.

जुन्या पद्धतीचे दोन दांडे असते तर? एक खाली आणि एक वर आहे हे कोपऱ्यातून दिसले असते, मुठीला तर नक्कीच जाणवले असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१९ च्या अहवालात मुख्य दोष नौदलाच्या देखरेखीला आणि अपुऱ्या प्रशिक्षणाला दिला, आणि टचस्क्रीनच्या रचनेने चुकीची शक्यता वाढवली, असेही नोंदवले. म्हणजे सगळे खापर काचेवर फोडणे बरोबर नाही. पण नौदलाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जाहीर केले की, या वर्गातल्या विनाशिकांवर टचस्क्रीन थ्रॉटल काढून पुन्हा यांत्रिक दांडे बसवणार. नौसैनिकांना विचारले तेव्हा त्यांचा कौल एकतर्फी दांड्यांकडे होता.

रस्त्यावरचे एक उदाहरण जर्मनीतले. टेस्लाच्या एका चालकाने पावसात वायपरचा वेग बदलण्यासाठी पडद्यावर बोट फिरवले आणि मोटार रस्त्याबाहेर जाऊन झाडांवर आदळली. कार्ल्सरुह इथल्या वरिष्ठ न्यायालयाने २०२० मध्ये त्याची शिक्षा कायम ठेवली : २०० युरो दंड आणि महिनाभर वाहन चालवण्यास बंदी. मोटारीतला पडदा हेही चालकाने वापरायचे ‘इलेक्ट्रॉनिक उपकरण’च, मोबाइलसारखे, असे न्यायालय म्हणाले. पाऊस आला म्हणून वायपर लावणे हा चालकाचा गुन्हा ठरला आणि वायपर पडद्यात ठेवणारा मोकळा राहिला, याची टोचणी ‘युरो एनकॅप’च्या यादीत वायपरचे नाव वाचताना जाणवते.

मग कंपन्यांनी बटणे काढलीच कशाला?

पैसा. प्रत्येक बटणाला साचा लागतो, तार लागते, चाचणी लागते, आणि ते कुठे बसणार हे मोटार बाजारात येण्याच्या दोन-तीन वर्षे आधी ठरवावे लागते. पडद्यावरचे बटण मात्र गाडी विकल्यानंतरही हलवता येते. त्यात अमेरिकेने मे २०१८ पासून प्रत्येक नव्या मोटारीला मागचा कॅमेरा सक्तीचा केला. कॅमेरा आला म्हणजे पडदा आलाच. पडद्याचा खर्च झालाच आहे तर एसीही त्यातच घाला, असा हिशेब सोपा झाला.

फॅशनचाही भाग होता. ९ जानेवारी २००७ रोजी स्टीव्ह जॉब्सने आयफोन दाखवताना तेव्हाच्या फोनवरच्या न हलणाऱ्या प्लास्टिकच्या कीबोर्डची खिल्ली उडवली. फोनपुरता तो युक्तिवाद बिनतोड होता, कारण फोन दर मिनिटाला वेगळे यंत्र होतो : कधी कॅमेरा, कधी नकाशा, कधी वर्तमानपत्र. मोटारीचा वायपर मात्र जन्मभर वायपरच राहतो. ही साधी गोष्ट टेस्लाच्या मागे धावताना बाकीच्यांच्या नजरेतून सुटली.

खरे तर मोटार उद्योगाने हा धडा आधी एकदा घेतला होता. १९८६ च्या ब्युइक रिव्हिएरा मोटारीत चक्क टचस्क्रीन होता, जुन्या टीव्हीसारखा काचेच्या नळीचा. लक्ष विचलित होते अशा तक्रारी आल्या आणि काही वर्षांत कंपनीने तो काढून टाकला.

आता माघारीचा क्रम असा. फोक्सवॅगनने गोल्फच्या आठव्या पिढीत आवाज आणि तापमानासाठी स्पर्शाच्या पट्ट्या दिल्या, त्यांना रात्री उजेडही नव्हता. टीकेनंतर २०२४ च्या सुधारित गोल्फमध्ये स्टिअरिंगवर खरी बटणे परतली. मार्च २०२५ मध्ये कंपनीचे डिझाइनप्रमुख आंद्रेआस मिंट यांनी जाहीर केले की, यापुढच्या मोटारींत आवाज, दोन्ही बाजूंचे तापमान, पंखा आणि हॅझर्ड यांना पडद्याखाली कायम बटणे असतील. आधीचा निर्णय ही चूक होती, असेही ते म्हणाले. टेस्लाने २०२३ च्या मॉडेल ३ मधून इंडिकेटरचा दांडा काढला होता, तो २०२५ मध्ये काही देशांत परत दिला. जुलै २०२५ मध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात दाखल झालेल्या मॉडेल वायमध्ये हा दांडा आहे, गिअर मात्र पडद्यावर बोट सरकवूनच टाकायचा. आपल्याकडे टाटाच्या २०२३ च्या नव्या नेक्सॉनमध्ये एसीची नियंत्रणे सपाट स्पर्शाची झाली, पण तापमान आणि पंख्यासाठी दोन वर-खाली होणाऱ्या कळी राखल्या. माझ्या मते हाच मध्यममार्ग शहाणपणाचा आहे. आणि म्हणूनच ‘युरो एनकॅप’ने एसी आणि आवाज यादीबाहेर ठेवला हे खटकते. वायपर दिवसातून एकदा लागतो, एसीला दर दहा मिनिटांनी हात जातो.

काचेवरच उंचवटे आणता येणार नाहीत का?

प्रयत्न झाले. ब्लॅकबेरीने २००८ मध्ये ‘स्टॉर्म’ काढला. त्यात अख्खा पडदाच एक मोठे बटण होता, जोरात दाबला की आत जाई. टाइप करताना प्रत्येक अक्षराला पूर्ण काच दाबायची, त्यामुळे वेग मंदावला आणि फोन आपटला. टॅक्टस नावाच्या अमेरिकी कंपनीने २०१३ मध्ये असा पडदा दाखवला, ज्याच्या सूक्ष्म नळ्यांत द्रव भरला की काचेवर खरेखुरे फुगवटे उठत आणि काम झाले की मावळत. ते प्रत्यक्ष फोनपर्यंत पोहोचले नाही. डिस्नेच्या प्रयोगशाळेने २०१० मध्ये ‘टेस्लाटच’ मांडले : काचेवर बदलता विद्युत दाब देऊन सरकत्या बोटाला होणारे घर्षण कमी-जास्त करायचे, म्हणजे गुळगुळीत काच खरखरीत ‘वाटते’. यातली मर्यादा अशी की बोट सरकते ठेवले तरच जाणवते. टेकवून ठेवलेल्या बोटाला काही कळत नाही.

या सगळ्यात मला सर्वात आवडलेली गोष्ट १९७३ ची आहे. जिनेव्हाच्या ‘सर्न’ प्रयोगशाळेत नव्या कण-प्रवेगकासाठी नियंत्रण कक्ष उभारायचा होता. हजारो बटणे लावणे शक्य नव्हते. फ्रँक बेक आणि बेंट स्टुम्पे यांनी एक अहवाल लिहिला आणि त्यात दोन उपकरणे सुचवली. एक म्हणजे बोटाने चालणारा पारदर्शक पडदा, आजच्या टचस्क्रीनचा पूर्वज. दुसरे म्हणजे संगणकाच्या ताब्यातला नॉब. काय निवडायचे ते पडद्यावर, किती वाढवायचे ते नॉबने. टचस्क्रीनच्या कर्त्यांनी पहिल्याच दिवशी शेजारी नॉब ठेवला होता. पुढे तो भाग आपण विसरलो.

ज्यांना पडदा दिसतच नाही त्यांचे काय?

इथे मुद्दा सोयीचा राहत नाही. एटीएमच्या आकडेपट्टीवर ५ वर टिंब असते. त्यावरून दृष्टिहीन व्यक्ती बाकीचे नऊ आकडे स्वतः शोधते आणि पिन कोणाला न सांगता टाकते. सपाट काचेच्या कार्ड-यंत्रावर ते टिंब नाही. ऑस्ट्रेलियात कॉमनवेल्थ बँकेने ‘अल्बर्ट’ नावाचे असे यंत्र दुकानांत आणले, तेव्हा दृष्टिहीन ग्राहकांनी भेदभावाचा दावा लावला. त्यात देशाचे माजी अपंगत्व-भेदभाव आयुक्त ग्रॅमी इनेस हेही होते. जानेवारी २०१९ मध्ये बँकेने तडजोड केली. दुकानदाराला पिन मोठ्याने सांगावा लागणे ही केवळ गैरसोय नव्हे, तो पैशांचा धोका आहे.

आपल्याकडचे याबाबतीत उत्तम उदाहरण म्हणजे मतदान यंत्र. राजकीय वाद बाजूला ठेवून फक्त त्याचे बटण पाहा. निळे बटण दाबले की नावासमोर लाल दिवा लागतो, लांब ‘बीप’ वाजतो, व्हीव्हीपॅटच्या काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसते. बटणाशेजारी ब्रेलमध्ये क्रमांक असतो. बोट, डोळे आणि कान या तिघांनाही एकाच कृतीची पावती मिळते. कधीच फोन न वापरलेल्या आजीलाही ते समजावून सांगावे लागत नाही.

पण काच म्हणजे दृष्टिहीनांची शत्रू, असे म्हणणेही अर्धवट ठरेल. २००९ मध्ये आयफोन ३जीएसवर ‘व्हॉइसओव्हर’ आले आणि चित्र पालटले. त्यात एक साधी युक्ती आहे : पहिल्या स्पर्शाला फोन फक्त बोलतो, आज्ञा दोनदा टॅप केल्यावरच घेतो. म्हणजे चाचपण्याचा हरवलेला पहिला टप्पा सॉफ्टवेअरने परत दिला. अँड्रॉइडचे ‘टॉकबॅक’ असेच चालते. रिझर्व्ह बँकेचे नोटा ओळखणारे ‘मणी’ अॅप रक्कम आवाजाने सांगते आणि कंपनानेही कळवते. ही युक्ती कार्ड-यंत्रांत, लिफ्टच्या सपाट पट्ट्यांत आणि वॉशिंग मशिनमध्ये यायला तांत्रिक अडचण कोणतीच नाही.

पावसात पडदा वेड्यासारखा का वागतो?

मोबाइलचा पडदा दाब नव्हे, तर बोटामुळे विद्युत क्षेत्रात होणारा बदल मोजतो. पाणीही हा बदल घडवते. त्यामुळे थेंब पडला की फोनला बोट टेकल्यासारखे वाटते आणि ओले बोट नेमके कुठे आहे हे कळेनासे होते. जाड हातमोज्यातून उलट घडते : बोट असूनही कळत नाही. जुलैच्या पावसात प्लास्टिकच्या पिशवीतल्या फोनवर ‘ऑर्डर पोहोचली’ची पट्टी सरकवण्याची धडपड करणारे डिलिव्हरी करणारे तरुण रोज दिसतात. स्वयंपाकघरातली टचची इंडक्शन शेगडी भाजी उतू गेली की आपोआप बंद पडते तीही बहुधा याच कारणाने. फिरवायच्या नॉबच्या शेगडीला ओल्या हाताचे काही वाटत नाही.

तुमच्या फोनवर काय करता येईल?

अँड्रॉइडवर जीबोर्ड वापरत असाल तर कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रेफरन्सेस’मध्ये जा. तिथे कळ दाबल्यावर कंपन देण्याचा पर्याय आहे आणि बऱ्याच फोनवर त्याची तीव्रताही मिलिसेकंदांत ठरवता येते. थरथर लांबलेली वाटत असेल तर पर्याय बंद करण्याआधी हा आकडा कमी करून पाहा. आयफोनवर ही सोय २०२२ च्या आयओएस १६ पासून आहे : सेटिंग्ज, ‘साउंड्स अँड हॅप्टिक्स’, मग ‘कीबोर्ड फीडबॅक’. यामुळे बॅटरी थोडी लवकर उतरू शकते, असे अॅपल स्वतःच सांगते. मोटारीत मात्र पडदा असो वा बटणे, निघण्यापूर्वी उभ्या गाडीत एकदा डोळे मिटून वायपर, हॅझर्ड आणि काचेवरचे धुके घालवणारा पंखा हाताने शोधून पाहा. जे सापडणार नाही, ते स्टिअरिंगवरच्या बटणावर किंवा आवाजी आज्ञेवर लावता येते का, हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते.